परक्या वर्गात बसलेलं मूल

गुंजवणे हे नाव मराठी पुस्तकांत भेटतं ते बहुधा वाटेवरचं गाव म्हणून. पुण्याहून निघावं, नसरापूरला वळावं, मार्गासनी, साखर मागं टाकत गुंजवणे गाठावं आणि तिथून चोर दरवाज्यानं पद्मावती माचीवर चढावं, ही वाट राजगडावरच्या कितीतरी पुस्तकांत लिहिलेली आहे. संजीवनी माचीची तटबंदी, सुवेळा माचीचं नेढं, बालेकिल्ल्याचा दरवाजा यांची वर्णनं पानोपानी आहेत. गडाच्या पायथ्याशी वाढणाऱ्या मुलांविषयी मात्र त्यांत फारसं काही सापडत नाही. जुन्या कागदांत गुंजण मावळ म्हणून येणारं हे खोरं भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ भागातलं. वेल्हे तालुक्याला आता राजगड असं नाव मिळालं आहे. इथं पावसात भाताची आवणी होते, उतारावर नाचणी-वरी पिकते, शनिवार-रविवारी शहरातली माणसं गड चढायला येतात आणि शाळा संपली की इथली मुलं त्याच शहरांत शिकायला किंवा कामाला जातात. तिथं पोचलेल्या मुलाच्या मनात स्वतःविषयी काय उरतं? या प्रश्नावर मराठीत काय लिहिलं गेलं, बाहेरून काय आलं आणि काय अजून लिहायचं राहिलं आहे, ते इथं एकत्र पाहायचं आहे.

पुस्तकांच्या दुकानात हा विषय दोन फळ्यांवर विभागलेला असतो. एका फळीवर पालकत्वाची पुस्तकं. मुलाचा आत्मसन्मान कसा वाढवावा, त्याला कसं बोलावं, कधी शाबासकी द्यावी, असं सांगणारी. दुसरीवर परदेशाची पुस्तकं. प्रवासवर्णनं, अमेरिकेत स्थिरावलेल्यांच्या आठवणी, नोकरीसाठी बाहेर पडलेल्यांचे अनुभव. पहिल्या फळीवरचा लेखक धरून चालतो की मूल जिथं जन्मलं तिथंच, आपल्यासारख्याच माणसांत वाढणार आहे. दुसऱ्या फळीवर मुलं येतात ती मागच्या सीटवर बसलेली, आई-बापांच्या अडचणींचा एक भाग म्हणून. पण मुलाला स्वतःची किंमत काय वाटते हे खऱ्या अर्थानं पणाला लागतं ते परक्या जागीच. घरात, आजी-आजोबांच्या नजरेखाली, कोणतंही मूल सहसा स्वतःला कमी समजत नाही. ते कमी समजायला लागतं दुसऱ्यांच्या वर्गात बसल्यावर. या दोन फळ्या वेगळ्या ठेवल्यामुळे दोन्हीकडची पुस्तकं अर्धवट राहिली आहेत, असं माझं मत आहे.

आधी पहिली फळी. विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये आत्मसन्मानाचं सूत्र मांडलं ते भागाकाराचं होतं: मिळालेलं यश भागिले मनातल्या आकांक्षा. पुढची बरीच दशकं हा विषय तज्ज्ञांपुरता राहिला. मॉरिस रोझेनबर्ग यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सुमारे 5000 शाळकरी मुलामुलींचा अभ्यास करून 1965 मध्ये पुस्तक लिहिलं आणि आत्मसन्मान मोजण्याची त्यांची दहा विधानांची पट्टी जगभर गेली. 1967 मध्ये स्टॅन्ली कूपरस्मिथ यांचा ग्रंथ आला. ज्या घरांत मुलाचा मनापासून स्वीकार असतो, मर्यादा स्पष्ट असतात आणि त्या मर्यादांच्या आत मुलाच्या मताला मान असतो, तिथल्या मुलांचा आत्मसन्मान चांगला असतो, असं त्यांना दिसलं. मर्यादांचा हा मुद्दा नंतरच्या लोकप्रिय पुस्तकांतून हळूहळू गळाला आणि कौतुक तेवढं शिल्लक राहिलं. 1986 मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं तर आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कृतिदलच नेमलं. गुन्हेगारीपासून व्यसनांपर्यंत अनेक दुखण्यांचं मूळ कमी आत्मसन्मानात आहे, अशी त्यामागची श्रद्धा होती. ती फार टिकली नाही. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. नुसता आत्मसन्मान वाढवल्यानं मुलं अभ्यासात पुढं जातात किंवा चांगली वागतात याला आधार नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्याआधी 1998 मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी दाखवलं होतं की ‘तू हुशार आहेस’ अशी स्तुती ऐकलेली मुलं अवघड कोडं आलं की लवकर हात टेकतात. ज्यांच्या कष्टांची दखल घेतली गेली ती मुलं मात्र त्याच कोड्याशी झगडत राहतात.

रोझेनबर्ग यांच्या कामातला एक भाग लोकप्रिय पुस्तकांनी जवळजवळ सोडूनच दिला, आणि आपल्या विषयासाठी तोच सर्वांत मोलाचा आहे. भोवती बहुसंख्य वस्ती दुसऱ्या धर्माची असताना वाढलेल्या मुलांची तुलना त्यांनी आपल्याच धर्माच्या वस्तीत वाढलेल्या मुलांशी केली. विसंगत वस्तीत वाढलेल्या मुलांमध्ये आत्मसन्मान कमी असण्याचं आणि मनाच्या तक्रारींचं प्रमाण जास्त आढळलं. अभ्यासाचा विषय अमेरिकेतल्या कॅथलिक, ज्यू आणि प्रॉटेस्टंट मुलांचा होता. पण गुंजवण्याहून पुण्याच्या वसतिगृहात आलेल्या मुलीला तो परका वाटणार नाही. तिचा स्वभाव, तिची बुद्धी, तिचे आई-बाप, काहीच बदललेलं नसतं. बदललेली असते ती फक्त भोवतालची माणसं आणि त्यांची मोजमापं. असं असताना ‘मुलाचा आत्मविश्वास वाढवा’ हा सल्ला त्या मुलीच्या आई-बापांना देणं अपुरं तर आहेच, अन्यायाचंही आहे.

मराठीत पालकत्वाचं लेखन भरपूर आहे. त्यात अनुवादित मार्गदर्शकांचा मोठा वाटा आहे आणि त्यांतलं बरंचसं लेखन शहरातल्या, एका-दोन मुलांच्या, मध्यमवर्गीय घरासाठीच लिहिलेलं असतं. वेगळं उठून दिसणारं पुस्तक म्हणजे शोभा भागवत यांचं ‘आपली मुलं’. पुण्याच्या गरवारे बालभवनात मुलांसोबत केलेल्या कामातून त्यांचं लेखन आलं, म्हणून त्यात उपदेश कमी आणि निरीक्षण जास्त आहे. पण या विषयाच्या गाभ्याला हात घातला तो त्यांच्याही आधी, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढं कोसबाडला त्यांनी वारली मुलांसाठी जे काम उभं केलं, त्यात मुलानं शाळेत यावं असा हट्ट नव्हता. शाळाच मुलाच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शंख-शिंपले, बिया, पानं ही शिकवण्याची साधनं झाली. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक आजही वाचावं. मुलाच्या घरी असलेल्या वस्तूला वर्गात जागा दिली की मूल स्वतःलाही त्या वर्गातलं समजू लागतं, ही गोष्ट त्यात आकडेवारी न मांडता सिद्ध होते.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’कडे आपण भावुक पुस्तक म्हणून पाहतो. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक 1935 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात पोहायला शिकण्याचा प्रसंग आहे. श्याम विहिरीवर जायला घाबरून लपतो आणि आई त्याला शिंपटीनं झोडून पाठवते. आज कोणीही त्या माराचं समर्थन करणार नाही, मीही करत नाही. पण आईच्या मनातली काळजी नेमकी आहे: आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये. श्याम पाण्यात उतरतो, पोहायला शिकतो, घरी येतो आणि मग आई त्याला जवळ घेते. शाबासकी काम झाल्यावर मिळते. ड्वेक यांच्या प्रयोगाच्या 60 वर्षं आधी पालगडच्या एका गरीब घरातली ही समज पुस्तकात उतरली होती.

आता या दोन्ही फळ्यांच्या बाहेरचं लेखन. माझ्या दृष्टीनं मराठीतलं सर्वांत मोठं काम इथंच झालं आहे, आणि ते पालकत्व किंवा परदेश या नावाखाली कोणी शोधत नाही. सुरुवात डॉ. आंबेडकरांपासून करावी लागेल. 1930 च्या दशकात त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं आणि त्यांच्या मागे 1990 मध्ये पुस्तिकारूपानं आलेलं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटंसं आत्मकथन परदेशी वाचकाला अस्पृश्यता समजावी म्हणून लिहिलेलं आहे. पहिलाच प्रसंग 1901 चा, नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरतात. अंगावर चांगले कपडे आहेत, डोक्यावर टोप्या आहेत, मनात प्रवासाचा आनंद आहे. जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलतो, गाडीवान बसू देत नाहीत आणि रात्रभर पाणी मिळत नाही. घरात लाडानं वाढलेलं मूल एका दिवसात स्वतःकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला लागतं. पुढचा प्रसंग बडोद्याचा. अमेरिकेत आणि युरोपात काढलेल्या पाच वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं ते सांगतात. परत आल्यावर बडोद्यात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही बाहेर काढलं गेलं. परकी संस्कृती म्हणजे सातासमुद्रापार, ही समजूत या काही पानांत कोसळते. न्यूयॉर्कमध्ये हा माणूस परका नव्हता. परका ठरला तो आपल्या देशात.

या वाटेनं पुढं आलेली मराठी आत्मकथनं आपण सामाजिक दस्तऐवज म्हणून वाचली आणि ते योग्यच झालं. पण ती बालपणाचीही पुस्तकं आहेत. दया पवार यांचं ‘बलुतं’ 1978 चं. गाव, मुंबईचा कावाखाना आणि संगमनेरचं वसतिगृह अशा तीन जगांत वाढलेल्या मुलाची ही कथा. दगडू पवार हा दया पवारांना आपली हकिकत सांगतो, अशी तिची रचना आहे. एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसून बोलतात. शिकत शिकत वर आलेल्या मुलाच्या मनात जी फूट पडते ती दाखवायला याहून अचूक रचना मला माहीत नाही. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 मध्ये आलं. गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला बाप मुलाला हट्टानं शाळेत घालतो. प्रत्येक मुक्कामाला नवं गाव, नवी शाळा, आणि प्रत्येक शाळेत मूल नव्यानं परकं. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ 1994 मध्ये आलं. आईपासून दूर राहिलेला मुलगा मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोचतो. तिथंही वडिलांचं नाव काय, हा प्रश्न त्याची पाठ सोडत नाही.

उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (2003) वर थोडं थांबायला हवं. रत्नागिरीजवळच्या गावात घरासमोर बसून आयदानं विणणारी विधवा आई आणि शाळेत जाणारी मुलगी. शेण काढायला सांगणारे आणि नकार दिला म्हणून मारणारे मास्तर यात आहेत. मुलगी रडत घरी येते. आई मास्तरांना रस्त्यात गाठते आणि खडसावून विचारते. ती बाई शिकलेली नव्हती, गावात तिच्या शब्दाला वजन नव्हतं, तरी ती उभी राहिली. मुलीला पुढची सगळी वर्षं पुरेल असं काहीतरी त्या एका क्षणात मिळालं, हे पुस्तक वाचताना लक्षात येतं. मुलाच्या आत्मसन्मानावरच्या कोणत्याही मार्गदर्शकात मला हा उपाय इतक्या स्पष्टपणे लिहिलेला दिसला नाही: तुझ्यावर अन्याय झाला तर मी त्या माणसासमोर जाऊन उभी राहीन. ‘तू छान आहेस’ हे वाक्य या कृतीपुढे फार तोकडं पडतं.

याच काळात प्रकाश नारायण संतांचा लंपन आला. ‘वनवास’ (1994), ‘शारदा संगीत’ (1997), ‘पंखा’ (2001) आणि ‘झुंबर’ (2004). आई-बाबांना सोडून आजी-आजोबांकडे राहायला आलेला मुलगा, कानडी वळणाची बेळगावकडची मराठी, गाण्याचा वर्ग, मैदान, मैत्रीण सुमी. लंपनचं दुःख जातीच्या किंवा गरिबीच्या जखमेतून आलेलं नाही आणि म्हणून कोणी त्याला हलकं समजू नये. घरापासून तुटलेल्या मुलाला आपल्यात काही कमी आहे म्हणून इकडं पाठवलं का, ही जी शंका कुरतडते, ती या कथांत फार बारकाईनं येते. संतांनी त्याला त्यातून बाहेर काढलं ते उपदेशानं नाही. नव्या गावानं त्याला कामं दिली, मित्र दिले, निरोप पोचवायला धाडलं, गाणं शिकवलं. गाव हळूहळू त्याचं झालं. सीमाभागातली मराठी जशीच्या तशी ठेवल्यामुळे त्या भागातल्या वाचकालाही आपलं बोलणं छापण्याजोगं आहे हे पहिल्यांदा कळलं असेल. लंपनची ही पुस्तकं शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात असायला हवीत.

भोर-वेल्ह्याच्या मुलांसाठी घर सुटण्याचं आणखी एक कारण आहे, ते म्हणजे धरण. भोरजवळचं भाटघर ब्रिटिश काळातलं. वेल्हे तालुक्यातलं पानशेत 12 जुलै 1961 ला फुटलं हे पुण्याच्या स्मरणात पक्कं आहे. ते बांधताना कोणाची गावं उठली हे मात्र पुणं विसरलं. मग वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी. पुणे जिल्ह्यातल्या धरणग्रस्तांपैकी अनेकांना दौंड, शिरूर, इंदापूरकडे जमिनी मिळाल्या. भाताच्या खाचरांतून उठून उसाच्या आणि ज्वारीच्या मुलखात, जिथं पाऊसच वेगळा, बोली वेगळी आणि जुने गावकरी नव्यांना धरणवाले म्हणून ओळखणारे. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ (1991) या कादंबरीनं विस्थापितांचं जग मराठीत मोठ्या ताकदीनं आणलं. तिचा भर कार्यालयं, पुढारी, भ्रष्टाचार आणि मोठ्यांची फरफट यांवर आहे, तो तसा असणं स्वाभाविक होतं. मुलांच्या बाजूनं हा विषय हाताळणारं पुस्तक म्हणजे ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’. त्याला 2017 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. रान, ओढे, गुरं यांत रमलेल्या मुलाचं गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार आहे. गाव उठण्याआधीचं जगणं लेखकानं इतक्या प्रेमानं उभं केलं आहे की काय हरवणार आहे हे बालवाचकाला सांगावं लागत नाही. या खोऱ्यातल्या प्रत्येक शाळेत ते असावं. नव्या गावठाणात पोचल्यावर तिथल्या शाळेत पहिल्या वर्षी काय होतं, यावरचं पुस्तक मात्र अजून यायचं आहे.

राजगडाचं नाव घेतलं तर इतिहासातल्या दोन मुलांचाही विचार करावा लागतो. 1665 च्या पुरंदरच्या तहानंतर आठ वर्षांच्या संभाजीराजांना मिर्झाराजांच्या छावणीत ओलीस राहावं लागलं. दुसऱ्या वर्षी आग्रा, आणि तिथून सुटताना वडिलांनी त्यांना मथुरेत ठेवलं. परक्या मुलखात, परक्या घरात, वेश बदलून राहिलेला नऊ वर्षांचा मुलगा मग राजगडावर परतला. शाहूराजे तर सातव्या वर्षी, 1689 मध्ये, येसूबाईंसोबत मोगलांच्या कैदेत गेले आणि 1707 मध्ये सुटले. सारं वाढीचं वय शत्रूच्या छावणीत. दोघांवर विपुल लेखन आहे. प्रसंगांचा थरार, राजकारण, तहाची कलमं, सगळं आहे. पण एका मुलानं परक्या भाषेत, परक्या रिवाजांत स्वतःला कसं सांभाळलं असेल, या बाजूनं या दोन बालपणांकडे पाहणारं लेखन फार थोडं आहे. शाहूराजांच्या पुढच्या सौम्य, तडजोडीच्या राजकारणाचं मूळ त्या 18 वर्षांत शोधावं, असं मला वाटतं. कोणा तरुण अभ्यासकानं ते काम हाती घ्यावं.

परदेशाच्या फळीवरून मी थोडी भरभर जातो, कारण तिथं मुलं कमी आहेत. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’पासून (1960) मीना प्रभूंच्या ‘माझं लंडन’पर्यंत प्रवासवर्णनांनी मराठी वाचकाला जग दाखवलं. अपर्णा वेलणकर यांच्या ‘फॉर हिअर, ऑर टू गो?’मध्ये अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसांच्या पिढ्यांचा धांडोळा आहे आणि मुलांच्या वाट्याला आलेली ओढाताणही त्यात येते. 1981 मध्ये सुरू झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळानं उत्तर अमेरिकेत मराठी शाळांचं जाळं विणलं. तिथली पाठ्यपुस्तकं भाषा टिकावी म्हणून आहेत आणि ते मोलाचं आहे. मात्र मुलाला डब्यातल्या भाजीवरून हसलं जातं तेव्हा त्यानं काय करावं, हे व्याकरणाच्या धड्यात बसत नाही.

याबाबतीतली एक जुनी नोंद प्रवासवर्णनात नाही, पत्रांत आहे. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. ती वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांकडे वाढली. तिचा धर्म, तिचं शिक्षण, तिची राहणी कोण ठरवणार यावरून रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यात जो वाद झाला तो त्यांच्या पत्रव्यवहारात आहे आणि अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या 1977 च्या इंग्रजी ग्रंथात तो वाचता येतो. मुलगी मोठी होऊन आपल्याच माणसांत परकी ठरू नये, ही आईची चिंता आणि आपण तिचं भलंच करतो आहोत ही सिस्टरांची खात्री, दोन्ही प्रामाणिक आहेत. आज न्यू जर्सीत किंवा सिंगापुरात राहणाऱ्या मराठी आई-बापांनी ती पत्रं जरूर वाचावीत.

बाहेरच्या जगात या प्रश्नाला 1950 च्या दशकात नाव मिळालं. समाजशास्त्रज्ञ रूथ हिल यूसीम भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. आई-बापांची एक संस्कृती, भोवतालची दुसरी आणि दोन्हींच्या मध्ये उभी राहणारी तिसरी, असं त्यांनी मांडलं. या मुलांवर डेव्हिड पोलॉक आणि रूथ व्हॅन रेकन यांनी 1999 मध्ये लिहिलेलं पुस्तक आज जगभर वाचलं जातं. पण ते प्रामुख्यानं मुत्सद्दी, मिशनरी, सैनिक आणि कंपन्यांचे अधिकारी यांच्या मुलांविषयी आहे, म्हणजे ज्यांना परत जायला भक्कम घर आहे अशांविषयी. माझा कल ईव्हा हॉफमन यांच्या 1989 च्या आत्मकथनाकडे जास्त आहे. पोलंडमधून 13 व्या वर्षी कॅनडात आलेल्या या मुलीचं आणि तिच्या बहिणीचं नाव शाळेत पहिल्याच दिवशी सोयीसाठी बदललं जातं. कोणी वाईट हेतूनं केलेलं नाही. तरीही त्या दिवसापासून मुलीचं नाव तिच्यापासून थोडं दूर जातं. आपल्याकडच्या वसतिगृहांत आणि इंग्रजी शाळांत आडनाव ऐकून हसणाऱ्यांनी हे पुस्तक वाचावं.

दोन अनुवाद मात्र प्रत्येक मराठी शिक्षकाच्या घरात हवेत. एक ‘तोत्तोचान’. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक 1981 चं, आणि त्याचा चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद वर्षानुवर्षं वाचला जातो. आधीच्या शाळेनं काढून टाकलेल्या मुलीचं बोलणं नव्या शाळेचे मुख्याध्यापक तासन्‌तास ऐकून घेतात, हा प्रसंग सर्वांना आठवतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेत वाढून जपानला परतलेल्या मियाझाकीचा प्रसंग. त्याला जपानी नीट येत नाही. तोमोए या त्याच नव्या शाळेत मुलं त्याला जपानी शिकवतात आणि तो त्यांना इंग्रजी. काळ युद्धाचा आहे, बाहेर अमेरिकेचा द्वेष शिकवला जातो आहे, आणि वर्गात एक मूल जे घेऊन आलं आहे त्याला किंमत मिळते आहे. दोन्ही फळ्या या दोन-तीन पानांत एकत्र येतात.

दुसरं ‘प्रिय बाई’. इटलीतल्या तस्कनी प्रांतात बार्बियाना नावाची डोंगरातली लहानशी वस्ती आहे. 1954 मध्ये तिथं पाठवले गेलेले पाद्री लोरेन्झो मिलानी यांनी शेतकऱ्यांच्या, गुराख्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. शहरातल्या शाळेनं नापास केलेल्या आठ मुलांनी मिळून 1967 मध्ये तिथल्या बाईंना पत्र लिहिलं, तेच हे पुस्तक. कोणाची मुलं नापास होतात याचे आकडे या मुलांनी स्वतः गोळा केले, बापाचा धंदा लिहून समोर मांडले आणि दाखवून दिलं की शाळा आळशी मुलांना नव्हे तर गरिबांच्या मुलांना गाळते. आपल्याला शब्द येत नाहीत म्हणून आपण मुके ठरतो हे त्यांनी ओळखलं आणि म्हणून भाषेवर मेहनत केली. पुढं त्यातली मुलं कामाला आणि भाषा शिकायला परदेशांतही गेली. स्वतःला कमी समजणाऱ्या मुलांनी आपल्या अनुभवाचा अभ्यास करून तो छापला, आणि त्या कामातच त्यांची मान ताठ झाली. गुंजवण्याशी या वस्तीचं नातं सांगायला वेगळं स्पष्टीकरण लागणार नाही.

असाच मार्ग आपल्याकडे एका घरात सापडतो. नरेंद्र जाधव यांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ 1993 मध्ये आलं. मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये काम केलेल्या वडिलांनी मुलाच्या आग्रहावरून म्हातारपणी आपली हकिकत लिहून काढली. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेल्या मुलानं ती बापाच्याच बोलीत पुस्तकात ठेवली. बापाची भाषा दुरुस्त न करता छापणं हा मुलानं केलेला सन्मान आहे, आणि तो वाचणाऱ्या हजारो घरांपर्यंत पोचला.

या साऱ्या वाचनातून माझ्यापुरता निष्कर्ष स्पष्ट आहे. परक्या जागी मुलाचा आत्मसन्मान टिकतो तो त्याची बोली, त्याच्या हातातलं काम आणि त्याची माणसं तिथं मोजली गेल्यामुळे, आणि प्रसंगी त्याच्या बाजूनं उभं राहणारं एक मोठं माणूस असल्यामुळे. आवणी करता येणं, वाघरानं मारलेल्या गुराचा माग ओळखणं, पावसाळी वाटेनं गड उतरणं, या गोष्टी येणाऱ्या मुलाला वर्गात काहीच येत नाही असं ठरवणारी मोजपट्टी चुकीची आहे. ती बदलण्याचं काम मुलाकडे सोपवून चालणार नाही.

मराठीत तीन प्रकारची पुस्तकं हवी आहेत. वसतिगृहातल्या पहिल्या वर्षाविषयी, पुनर्वसनाच्या गावातल्या शाळेविषयी, आणि परदेशातून परत पुण्यात आलेल्या मुलाविषयी. तिन्ही दहा ते पंधरा वर्षांच्या वाचकासाठी, त्याच्या बाजूनं लिहिलेली. ती शहरातल्या लेखकांनी कल्पनेनं लिहिण्याआधी ज्यांनी ते भोगलं त्यांच्याकडून ते ऐकावं. म्हणून गुंजवणी खोऱ्यातल्या आणि सगळ्या भोर-वेल्ह्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. गाव सोडून शिकायला गेलेली तुमची मुलं दिवाळीत घरी येतील तेव्हा त्यांना शाळेत बोलवा. पहिल्या दिवशी काय झालं, कोण हसलं, कोण जवळ आलं, काय खाल्लं, कुठं रडू आलं, हे त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. लिहिलेलं दुरुस्त करू नका. एका वहीत ते जमा करा आणि आठवी-नववीच्या मुलांना वाचायला द्या. पुण्यातल्या प्रकाशकांनी अशी एखादी वही मागून घेतली आणि छापली, तर तिचा पहिला वाचक व्हायला मी तयार आहे.